इट्रुस्कन थडगं आणि दोन पळ्या तीर्थ

सर्व संबंधितांना, आणि ज्यांचा या प्रकरणाशी सुतराम संबंध नाही अशांनाही, अत्यंत जड अंतःकरणाने कळवण्यात येते की इट्रुस्कन नावाचे जे प्राचीन लोक इटलीत राहत होते आणि रोमन लोकांनी ज्यांना हळूहळू गिळून टाकले, त्यांचा दुसरा आणि अधिक हालहाल करून झालेला अंत मिशिगन राज्यातील नोव्हाय गावी, २००५ सालच्या मार्च महिन्यातील एका शनिवारी दुपारी, आमच्या राहत्या घराच्या बेसमेंटमध्ये झाला. मयतांच्या पश्चात एक डीव्हीडी आहे. ती लायब्ररीला परत करण्यात आली आहे. सुतक पाळण्याचे कारण नाही. मात्र त्या दुपारी आमच्या घरी जे कोणी होते, त्यांना अजूनही अधूनमधून मळमळते.

मळमळण्याचं कारण सांगतो, पण त्याआधी काकांबद्दल सांगायला हवं.

आमच्यापासून दोन घरं सोडून एक तरुण जोडपं राहायचं. तो माझ्यासारखाच गाड्यांच्या कारखान्यातला इंजिनिअर. मी दरवाजांच्या बिजागऱ्या बघायचो, तो सीटबेल्ट. ती आठ महिन्यांची गरोदर. आमच्या लोकांत रीत अशी की मुलगी अमेरिकेत बाळंत होणार असली की तिची आई येते. सहा महिन्यांसाठी येते, एका बॅगेत डिंकाचे लाडू, दुसऱ्या बॅगेत बाळंतशेपा आणि जुन्या मऊ साड्यांची दुपटी घेऊन येते, आणि जेटलॅग जायच्या आत किचन ताब्यात घेते. हिची आई दोन वर्षांपूर्वी गेलेली. म्हणून वडील आले. एकटे. डिंकाचे लाडू शेजारणीकडून करून घेऊन.

लाडू पोचवले आणि काकांचं काम संपलं. बाळंतपणात बापानं काय करायचं असतं ते त्यांना कुणी शिकवलं नव्हतं, आणि विचारायचा त्यांचा स्वभाव नव्हता. दीड महिना त्यांनी खिडकीतून बर्फ बघितला. मग एके दिवशी जेवताना म्हणाले, "माझं तिकीट जरा अलीकडे घ्या. पुढच्या गुरुवारचं मिळालं तर बघा. मी इथे नुसता अडचणीला."

त्यावर मुलीनं म्हणायला हवं होतं, "बाबा, थांबा." ती म्हणाली, "तुम्हाला बरं वाटेल तसं करा."

बाप तसाच, लेकही तशीच. जावयानं मुकाट्यानं गुरुवारचं तिकीट धरून ठेवलं आणि सोमवारी सकाळपर्यंत नक्की सांगतो असं कळवलं. शुक्रवारी ती आमच्या किचनमध्ये येऊन बसली आणि माझ्या बायकोपुढे रडली.

"मग सांग ना त्यांना थांबा म्हणून," बायको म्हणाली.

"मी नाही म्हणणार, वहिनी. आईला असं म्हणावं लागलं असतं का? मी म्हटल्यावर थांबले, तर ते काय थांबणं झालं?"

हे सगळं मी फ्रिजच्या दारामागून ऐकत होतो. मी पुढे झालो, छातीवर हात ठेवला आणि जाहीर केलं, "तुझ्या वडिलांना मी थांबवतो. एका सिनेमात."

बायकोनं माझ्याकडे ज्या नजरेनं पाहिलं ती नजर मला लग्नापासून परिचित आहे.

पण माझ्या म्हणण्याला आधार होता. काकांनी तीस वर्षं उत्खननांवर ड्राफ्ट्समनचं काम केलं होतं. जमिनीतून निघालेली खापरं, म्हणजे जुन्या मडक्यांचे तुकडे, ते कागदावर उतरवायचे. एवढासा काठाचा तुकडा हातात आला की कॅलिपरनं जाडी मोजायची, काठाच्या वाकावरून अख्ख्या मडक्याचा घेर काढायचा, आणि मधे एक रेघ ओढून एका बाजूला मडकं बाहेरून कसं दिसत होतं ते काढायचं, दुसऱ्या बाजूला ते कापलं असतं तर कसं दिसलं असतं ते. माणूस एरवी हवापाण्यापलीकडे बोलायचा नाही, पण खापराचा विषय निघाला की त्यांचे कान लाल व्हायचे. मी लायब्ररीतून प्राचीन थडग्यांवरचा एक रहस्यपट आणला. डबीच्या पाठीवर लिहिलं होतं की यात शाप आहे, खून आहेत आणि इट्रुस्कन संस्कृतीचं वेड लागलेला एक माणूस आहे. एका दुपारच्या करमणुकीसाठी याहून जास्त काय लागतं?

शनिवारी दोन वाजता ती तिघं आली. आम्ही तिघं: मी, बायको आणि आमची पंधरा वर्षांची कन्या, जी मराठी समजते आणि इंग्रजीत उत्तर देते. बाहेर बर्फ वितळून सगळीकडे राखाडी चिखल झालेला. बायकोची शनिवारची पूजा नुकतीच आटोपली होती. आमचं देवघर मायक्रोवेव्हच्या वरच्या कपाटात आहे, दार उघडलं की आत समई, टाक, बाळकृष्ण, आणि मध्यभागी आमची खास देवी. तिच्याबद्दल पुढे बोलू. बायकोनं रिवाजाप्रमाणे सगळ्यांच्या हातावर तीर्थ घातलं. काकांनी तळहात ओठांना लावला आणि उरलेला ओलावा डोक्यावरून फिरवला. त्यांचा चष्मा तेव्हा कोटाच्या खिशात होता, हे कृपया लक्षात ठेवावं. मुलीला बायको म्हणाली, "तुला दोन पळ्या. दोघं आहात." जावयानं मागून घेऊन दोन पळ्या घेतल्या. त्याला तुळशीचा स्वाद आवडायचा.

मग प्रत्येकाच्या हातात मिसळीची वाडगी, आणि आम्ही खाली उतरलो.

आता न्यायाला धरून सांगायचं तर सिनेमाची पहिली चाळीस मिनिटं चांगली होती. इटलीतली पिवळसर टेकडी, गवत, दोन थडगेचोर लांबच लांब लोखंडी सळई जमिनीत खुपसत चाललेत. एका जागी सळई भस्सकन आत जाते. चोर एकमेकांकडे बघतात. काका पुढे सरकून बसले.

"हे खरं आहे," ते म्हणाले. "असंच करतात. खाली पोकळ लागलं की समजायचं."

मी बायकोला कोपर मारलं. मग चोर दोरानं आत उतरले आणि कंदिलाच्या उजेडात भिंतीवरची चित्रं दिसली: नाचणारी माणसं, बासरीवाले, आणि एका कोचावर रेलून शेजारी शेजारी जेवणारे नवरा-बायको.

"बघा," काका म्हणाले, "बायको बरोबरीनं बसलीय. वाढत नाहीये."

"शिका काहीतरी," माझी बायको म्हणाली. ते मला होतं.

जावयानं मागे वळून अंगठा दाखवला. मुलगी सिनेमा बघतच नव्हती, ती बापाकडे बघत होती. मी मनातल्या मनात सोमवारचा फोन रद्द करून टाकला.

एक्केचाळिसाव्या मिनिटाला सिनेमा बनवणाऱ्यांना बहुधा ताप आला.

थडग्यात एक प्रेत सापडतं, ताजं. त्याचं काळीज, म्हणजे लिव्हर, कुणीतरी काढून नेलेलं. इट्रुस्कन पुरोहित मेंढ्याच्या काळजावरच्या खुणा वाचून भविष्य सांगायचे, एवढी खरी माहिती कुणीतरी दिग्दर्शकाच्या कानावर घातली होती, आणि त्या माणसाला त्यानंतर दुसरं काही सुचेना. दर दहा मिनिटांनी काळीज. चांदीच्या तबकात काळीज. खुनी त्यावरून बोट फिरवतोय, बोट चाटतोय, आणि कॅमेरा इतका जवळ की पडदाभर लाल, ओलं, चकचकीत. आमच्या हातात मिसळ. वर लाल तर्री तरंगतेय.

"डॅडी, धिस इज सो ग्रोस," कन्या म्हणाली आणि तिनं वाडगी माझ्या मांडीवर ठेवून दिली.

मी ती खाऊ शकलो नाही. माझी स्वतःचीही नाही. आयुष्यात मिसळ टाकून देण्याचा माझा हा पहिला आणि अखेरचा प्रसंग.

आणि अभिनय? नायिका ही कुणा मेलेल्या पुरातत्त्वज्ञाची विधवा, जी चिखलाच्या खड्ड्यात पांढऱ्या सँडल घालून उतरते आणि पांढऱ्याच सँडलनं वर येते. इन्स्पेक्टर साहेब खुनाच्या जागी कायम काहीतरी चघळत उभे. चोरानं कुदळ मारून थडग्याची भिंत फोडली, चित्रातला बासरीवाला भुगा होऊन खाली आला, आणि हा माणूस त्यावर पाय ठेवून पुढे गेला. काकांच्या तोंडून "हं" असा आवाज आला, दाताच्या डॉक्टरकडे येतो तसा.

मग तो प्रसंग. खुनाचा संशय ज्याच्यावर आहे तो श्रीमंत संग्राहक नायिकेला घरी बोलावतो. कपाटातून अडीच हजार वर्षांपूर्वीचा, थडग्यातून काढलेला, काळ्या चित्रांचा पेला काढतो. एका कानाला धरून काढतो.

"कानाला धरून!" काका उभे राहिले. "अरे, खालून हात दे! खालून!"

संग्राहक पेल्यात वाईन ओततो. स्वतः पितो, तिला देतो.

"शी शी शी!" आता माझी बायको उभी. "मेलेल्या माणसाचा पेला! त्याच्या प्रेताशेजारी पडलेला! धुतला तरी का त्यानं? काय हे लोक, तोंडाला काहीही लावतात!"

माझ्या बायकोचे हे शब्द मी इथे जसेच्या तसे दिले आहेत. पुढे उपयोगी पडणार आहेत.

नायिका विचारते, हा तुमच्याकडे आला कुठून? संग्राहक गालातल्या गालात हसतो. म्हणतो, माझ्या आजोबांकडून आला.

"आजोबा!" काकांचे कान लाल झाले होते. "तीस वर्षं हेच ऐकलं मी. दारात पोलीस आले की प्रत्येकाला आजोबा आठवतो. कुणाला आजोबा, कुणाला साधू, कुणाला स्वप्नात देव. एकजण म्हणत नाही की मी उकरलं आणि खिशात घातलं!"

मी टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत मोठ्यानं मीच वाजवल्या.

शेवट मी तुम्हाला सांगून टाकतो म्हणजे तुम्ही तो बघायच्या फंदात पडणार नाही. नायिकेला स्वप्न पडतं की मागच्या जन्मी ती इट्रुस्कन पुरोहिताची बायको होती, आणि त्या जन्मीचा नवरा म्हणजेच या जन्मीचा इन्स्पेक्टर. तोच खुनी. तो कबुली देतो, थडगं कोसळतं, नायिका बाहेर येते. सँडल पांढऱ्या.

"पुनर्जन्म!" काका पडद्याशी भांडत होते. "खून उलगडायला पुनर्जन्म! पहिल्या अर्ध्या तासात काय सुंदर खड्डा दाखवलात, आणि नंतर ही घाण! लाज वाटत नाही?"

ते येरझारा घालत होते, हातवारे करत होते, आणि एका उत्खननावर गावच्या पाटलानं सोन्याच्या आशेनं एका रात्रीत अख्खी चर कशी उकरून ठेवली ते सांगत होते. जावई प्रश्न विचारत होता. मुलगी हसत होती, दीड महिन्यात पहिल्यांदा. सिनेमा अत्यंत गलिच्छ होता आणि माझा बेत तंतोतंत साधला होता. मी स्वतःला मनोमन कुर्निसात केला.

"घसा सुकला," काका म्हणाले. "पाणी घेतो." चष्मा डोळ्यांवर होता. ते एकटेच जिना चढून वर गेले.

पाच मिनिटं झाली तरी खाली येईनात. आम्ही वर गेलो. काका मायक्रोवेव्हसमोर उभे होते. पाण्याचा ग्लास हातात, न प्यायलेला. देवघराचं दार उघडं.

"हे," त्यांनी बोट न लावता दाखवलं, "मधलं. हे काय आहे?"

आता आमची खास देवी. साबणाच्या वडीएवढी, भाजलेल्या मातीची, तांबूस. एका बाजूला बारीक उभ्याआडव्या रेघांची जाळी. बायको त्याला यंत्र म्हणायची. रोज स्नान, रोज हळदकुंकू. जाळीच्या खाचांत अकरा वर्षांचं कुंकू बसून ती आता बरीच भारदस्त दिसायची.

"आमची देवी," बायको अभिमानानं म्हणाली. "फार जागृत आहे, काका. आम्ही इकडे यायच्या आधी गोदावरीकाठी यांना एका साधूनं दिली."

काका सावकाश वळले. माझ्याकडे.

"साधूनं," ते म्हणाले.

"हो," मी म्हणालो.

"कुठे भेटला साधू?"

"तिथेच. हिच्या माहेरच्या गावाबाहेर एक टेकाड आहे, त्यावर."

"पांढऱ्या मातीचं टेकाड?"

"हो."

"पायाखाली खापरं?"

"होती बरीच."

"साधूची दाढी कशी होती?"

माझ्यासारख्या माणसाला खरं तर हा प्रश्न म्हणजे मेजवानी. गेल्या अकरा वर्षांत मी त्या साधूला जटा दिल्या होत्या, डोळ्यांत तेज दिलं होतं, एकदा तर गणपतीच्या कार्यक्रमात स्टेजवर त्याचा आवाजसुद्धा काढून दाखवला होता. पण समोर चष्म्यामागचे ते डोळे होते, आणि मला एकदम तो पेला कानाला धरणारा संग्राहक आठवला. गालातल्या गालात हसणारा.

"साधू नव्हता," मी म्हणालो.

"साधू नव्हता?" बायको.

"पाय मोकळे करायला गेलो होतो. पावसानं माती वाहून गेली होती, हे वर आलेलं दिसलं. नक्षी आवडली म्हणून खिशात टाकलं. मग तू पँट धुवायला घेतलीस, तुला खिशात सापडलं, तू विचारलंस, आणि…" मी हात पसरले. "तू हात जोडून उभी होतीस. मला साधू सुचला."

"अकरा वर्षं!"

"नंतर सांगायचं राहून गेलं."

सिनेमातल्या काळजापेक्षा किळसवाणं काही असेल तर ते आपल्याच किचनमध्ये उभं राहून आपलाच आवाज ऐकणं. काकांनी ओरडायला हवं होतं. ते ओरडले नाहीत.

"खिशात तुम्ही हा तुकडा आणलात," ते म्हणाले. "हा कुठल्या घरात होता, कुठल्या थरात, शेजारी काय पडलं होतं, ते नाही आणलंत. ते सगळं गेलं. आता याचं चित्र काढता येईल, गोष्ट नाही सांगता येणार. गोष्टी तुम्ही सांगता." मग ग्लास खाली ठेवून जावयाला म्हणाले, "गुरुवारचं पक्कं करून टाका. हा मी बरोबर नेतो. तिकडे ज्यांच्याकडे द्यायला हवा त्यांच्याकडे देतो."

मुलीचा चेहरा उतरला. दीड महिना निरुद्योगी बसलेल्या माणसाला परत जायला मी एक उत्तम कारण मिळवून दिलं होतं. मी, ज्यानं छातीवर हात ठेवून जाहीर केलं होतं.

"पण देव असा उचलून देतात का कुणी?" बायकोनं देवघराच्या दारावर हात ठेवला. "साधूनं दिलेली नसेना का. मी अकरा वर्षं पूजा केलीय तिची. हिच्या पायाशी आम्ही सत्यनारायण केलेत. तुम्हीच सांगा काका, कुठली देवी आहे ही?"

काका जरा घुटमळले. बाईमाणसाचं मन मोडायचं त्यांच्या जिवावर आलं होतं. "ताई, ते जाऊ द्या."

"नाही, सांगा. मला कळायला हवं."

त्यांनी माझ्याकडे कॅलिपर मागितला. आमच्या गावात कॅलिपर नाही असं इंजिनिअरचं घर नाही; मी गॅरेजमधून धावत आणला. त्यांनी खालून हात देऊन तो तुकडा उचलला, जाडी मोजली, लांबी मोजली, जाळीच्या खाचांवरून अंगठा फिरवला. अंगठा लाल झाला. मग शिक्षक फळ्यासमोर बोलतात तशा कोरड्या आवाजात म्हणाले, "असे पुष्कळ काढलेत मी. सातवाहन काळातला असावा. ही जाळी खरखरीत केलीय मुद्दाम. ताई, ही वज्री आहे. आंघोळीच्या वेळी टाचा घासायची. या खाचांत टाचेची मेलेली कातडी अडकते."

 किचनमध्ये डिशवॉशर तेवढा चालू होता.

माझ्या डोळ्यांसमोरून तांब्याची ती छोटी पंचपात्री गेली. रोजचं स्नान. रोजचं तीर्थ. अकरा वर्षांतले सत्यनारायण, चैत्रातली हळदीकुंकवं, ओळीनं पुढे केलेले तळहात, नोव्हायमधली निम्मी मराठी वस्ती. बायको स्टुलावर बसली. काहीही तोंडाला लावणाऱ्या इटालियन संग्राहकाचं नाव तिनं पुन्हा कधी काढलं नाही. कन्येनं "ओ माय गॉड, वी ड्रँक इट" म्हणत सिंक गाठलं, तर तिथे जावई आधीच चुळा भरत होता. काकांचा तळहात आपोआप डोक्याकडे गेला, जिथे दुपारी त्यांनी ओलावा फिरवला होता, आणि तिथेच थांबला.

आणि मुलगी, जिला दोन पळ्या मिळाल्या होत्या, जिनं दीड महिना ओठ घट्ट मिटून ठेवले होते, ती पोटावर दोन्ही हात ठेवून ओरडली, "बाबा, तुम्ही कुठेही जायचं नाही! तुम्ही गेलात तर बाळ होईपर्यंत ही माणसं मला आणखी काय काय पाजतील!"